छोट्या किचनमध्ये भिंतीला जोडलेलं आयलंड: बॉक्स बसला, ग्रॅनाइट बाकी

आमच्या आयलंडचा (म्हणजे मुख्य ओट्यापासून वेगळ्या छोट्या ओट्याचा) प्लायचा बॉक्स उभा राहिला, भिंतीला पक्का बसला, ड्रॉवरही मस्त सरकतायत. आता ग्रॅनाइट आणि बाहेरचं लॅमिनेट तेवढं राहिलंय. इथपर्यंतचं सगळं लिहून ठेवते, कारण नाशिकमध्ये सिडकोत काय आणि इंदिरानगरला काय, आमच्यासारखी छोटी किचनं भरपूर आहेत आणि आयलंड सगळ्यांना हवं असतं पण जागेपाशी येऊन गाडी अडते.

आमचं किचन ९ बाय ८ फूट. लांब भिंतीला २४ इंची ओटा. ८ फूट म्हणजे ९६ इंच, त्यातून ओटा वजा केला की ७२ उरले. आता मधोमध सुटं आयलंड ठेवायचं तर दोन्ही बाजूंनी नीट वावरायला ३६-३६ इंच तरी सोडायला हवेत, झाले ना ७२, मग आयलंडला उरलं काय? शून्य. तेच समोरच्या भिंतीला जोडलं की एका बाजूची वाट सोडावीच लागत नाही आणि ती ३६ इंच थेट आयलंडची लांबी होते. म्हणून भिंतीपासून ३६ इंच बाहेर, २२ इंच रुंद, हे माप पक्कं केलं. फ्रिज आधीपासूनच हॉलमध्ये आहे त्यामुळे ड्रॉवरच्या बाजूला ऐसपैस जागा मिळाली.

सगळे पहिलं विचारतात स्टूल किती बसणार. एकही नाही. बसायचं तर गुडघ्यांसाठी वरचा टॉप १०-१२ इंच बाहेर काढावा लागतो आणि २२ इंचातले तेवढे गेले तर खाली सामान कुठे ठेवणार? आणि आम्ही जेवतो हॉलमध्ये. आमच्याकडे खरी अडचण आहे पोळ्यांची. ओट्यावर शेगडी, सिंक, मिक्सर, पाण्याचं पिंप एवढं झाल्यावर पोळपाट ठेवायला जागाच नसते, सासूबाई खाली बसून लाटायच्या ते आता गुडघ्यांमुळे जमत नाही. तेव्हा हे आयलंड म्हणजे आमच्यासाठी लाटायची जागा आहे, बाकीचं सगळं त्यानंतर.

आणि म्हणूनच उंचीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. रेडिमेड मॉड्यूलरवाले ३४ ते ३६ इंच सांगतात. भाजी चिरायला ते ठीक, पण लाटताना खांद्यातून वजन द्यावं लागतं, त्यासाठी हात कोपरापासून खाली उतरता हवा. आईंना (सासूबाईंना) ओट्यापाशी उभं करून टेपने मोजलं, त्यांचं कोपर जमिनीपासून ३७ इंचावर, माझं ४० वर. लाटायची पातळी कोपराच्या साधारण साडेपाच इंच खाली धरली. आता यात पोळपाटाची उंची धरायला हवी, आमचा सागवानी पोळपाट पायांसकट दीड इंच आहे, म्हणजे टॉप त्याच्याही खाली. आईंसाठी हिशोब येतो ३०, माझ्यासाठी ३३. ठरवलं ३१, त्यांच्याकडे झुकतं माप, कारण रोज सकाळच्या पोळ्या त्याच करतात. आधी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्याच मापाचा डमी उभा केला, आतून विटा लावून, आणि त्यावर खरोखर पोळ्या लाटून बघितल्या. आई टोकाला उभ्या राहिल्या की मागे वळलं की तवा, मध्ये एकही पाऊल टाकावं लागत नाही. पुठ्ठ्याचा डमी कोणीही वगळू नका, कागदावर हे कधीच कळलं नसतं.

प्लाय १८ मिमी, आयएस ७१० शिक्का असलेलं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं वॉटरप्रूफ प्लाय. किचनमध्ये पोछा, सांडलेलं पाणी आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा, त्यात तळाला स्वस्त प्लाय लावलं तर फुगायला वेळ लागत नाही. दुकानातच पॅनल सॉवर (प्लाय सरळ कापायच्या मशीनवर) कटिंग करून घेतलं. खाली ४ इंचाची प्लिंथ (बॉक्सखालची बैठक), टोकाच्या बाजूने ३ इंच आत घेतलीय, पायाचे पंजे आत गेले की पोटाशी टॉप येतो आणि कंबर वाकत नाही.

बॉक्सची लांबी ३४ इंच, मध्ये एक उभी पार्टिशन, प्रत्येक खण ४०४ मिमी. टेलिस्कोपिक चॅनलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) दोन्ही बाजूंना १३-१३ मिमी लागतात, म्हणून ड्रॉवरचा डबा ३७८. पण हे माप बॉक्स जोडून झाल्यावर खण प्रत्यक्ष मोजूनच घ्या, १८ चं प्लाय कधी साडेसतरा निघतं आणि तेवढ्यावरही चॅनल अडतो.

भिंतीकडचा खालचा ड्रॉवर कांद्याचा. नाशिकमध्ये राहून उन्हाळी कांदा गोणीने घ्यायचा नाही असं कसं चालेल! कांदा साठवायच्या चाळीत तो टिकतो कारण खालून हवा खेळते, तीच गोष्ट इथे केली, ड्रॉवरच्या तळाला अखंड प्लायऐवजी सागाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट, आणि मागच्या फळीला भोकं. अख्खी गोणी अर्थातच गॅलरीत, इथे आठवड्याचा कांदा. बटाटे शेजारच्या खणात, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

आता भिंत. ४ इंची विटेची आहे, पलीकडे बेडरूम. सगळं वजन बॉक्समधून जमिनीवर जातंय, भिंतीला फक्त आयलंड हलू न देण्याचं काम आहे, म्हणून २ बाय २ ची सागवानी पट्टी भिंतीला आणि बॉक्स त्या पट्टीला. बेडरूममधला स्विचबोर्ड दाराच्या चौकटीपासून मोजून घेतला, त्याच्या सरळ वरखाली वायरिंगचा पाइप असतो, तो पट्टा सोडून भोकं पाडली. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवला, एवढ्या पातळ भिंतीत पलीकडचा गिलावा उडतो. धुळीकडे लक्ष ठेवायचं: आधी करडी येते तो गिलावा, मग लाल आली की वीट लागली. पुढेही करडीच येत राहिली तर सांध्यात शिरलोय, भोक बाजूला घ्यायचं. स्क्रू धरणारा प्लग गिलाव्याच्या आत विटेत गेला तरच धरतो.

ओळंबा लावला तर भिंत खाली ९ मिमी आत. भिंतीकडचा पॅनल १५ मिमी जास्तच ठेवला होता, तो भिंतीला टेकवून वॉशरच्या भोकात पेन्सिल घालून वरपासून खालपर्यंत फिरवली, भिंतीचा अख्खा बाक प्लायवर उतरला, जिगसॉने कापून रंध्याने साफ केला. आता कागदही आत जात नाही. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) फोडली नाही, पॅनललाच खाच दिली.

टॉपला ग्रॅनाइटच घेतेय, गार असतं आणि कणीक सैल पडत नाही. १८ मिमी जाडीत ३६ बाय २२ चा तुकडा साधारण २५ किलो होतो, चढवायला दोघं पुरेत. मार्बलवाल्याकडे कटपीस बघून ठेवलाय, ओट्याचाच काळा. टोकाचे दोन्ही कोपरे गोल करून मागितलेत, वाट तिथूनच आहे आणि आमच्या मुलीचं डोकं बरोबर त्या उंचीवर येतं.

ग्रॅनाइटखाली अखंड प्लाय द्यायचं की नुसत्या आडव्या पट्ट्यांवर सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवायचं, हे अजून ठरत नाहीये. मी पट्ट्यांकडे झुकतेय, खालून बघता येतं आणि पाणी मुरलं तर लगेच कळतं. पण लाटताना रोज दाब येणार आहे, त्यामुळे कोणी पट्ट्यांवर बसवलं असेल तर दोन पट्ट्यांत किती अंतर ठेवलं ते सांगा.