चाळीस भोकांचा हब आणि छत्तीसचा रिम

सोसायटीत नोटीस लागली की पार्किंगमधल्या बेवारस सायकली महिनाअखेरीस भंगारात जाणार. त्या ढिगात एक काळी, रॉड ब्रेकची, बावीस इंची फ्रेमची जेन्ट्स सायकल होती. चाकं गायब, सीट उंदरांनी खाल्लेली. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत अशाच सायकलवरून जायचे, त्यामुळे माझा पाय तिथून निघेना. सेक्रेटरींकडून चिठ्ठी लिहून घेतली (जुनी सायकल कागदाशिवाय घेऊ नये, फ्रेमवरचा नंबरही चिठ्ठीत टाकावा) आणि भंगाराच्या भावाने चारशे रुपयांत ती घरी आणली.

पहिलं काम फ्रेम सरळ आहे का बघायचं. मागच्या ॲक्सलच्या खाचेतून दोरा घेऊन पुढे हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत परत आणायचा. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. माझ्याकडे दोन मिलिमीटरचा फरक आला. एवढं चालतं म्हणे.

मग बीबी, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला आस आणि त्याचे दोन बाजूंचे कप, उघडायला बसले. पायडलचे दांडे आसाला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिन लाकडी ठोकळ्यावर टेकवून हातोडीने काढल्या, डावा कप निघाला, उजवा हलेना. दोन दिवस डिझेलमध्ये भिजवला, पान्याला पाइप लावून जोर काढला आणि बोटांची सालटी निघाली. शेवटी फ्रेम रिक्षात घालून कसब्यातल्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी आधी माझी बोटं पाहिली, मग कप.

"ताई, उघडताय की आवळताय? या बाजूला उलटे आटे असतात."

पायडल मारताना कप आपोआप सैल होऊ नये म्हणून ती तजवीज. म्हणजे दोन दिवस मी तो मन लावून घट्ट करत होते. आतले छर्रे मात्र गंजून एकमेकांना चिकटले होते, ते सगळे बदलले.

खरी फजिती चाकांनी केली. रविवारी जुन्या बाजारात गेले. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि सकाळी लवकर गेलं तरच माल हाती लागतो. तिथे मला एक जुना स्टीलचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, मिळाला, फिरवला की फिरतच राहणारा. दोन गाड्या पुढे एक चकचकीत ॲल्युमिनियमचा रिम दिसला. दोन्ही घेतले. घासाघीस करून घेतले, याचा अभिमान वेगळाच. घरी येऊन तारा (स्पोक) ओवायला बसले तर हबला चाळीस भोकं, रिमला छत्तीस.

आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा, कारण वजन मागच्या चाकावर. नव्या चाकांना बहुधा दोन्हीकडे छत्तीस. बेरीज दोन्हीकडे बहात्तरच, पण बेरजेने चाक बांधता येत नाही. शिवाय मिस्त्रींनी रिम हातात न घेताच सांगितलं, "हा तुमच्या रॉड ब्रेकला चालायचाच नाही." रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, हबकडून बाहेर दाबतात. त्यासाठी दोन्हीकडे गोलसर खांदे असलेला जुन्या पद्धतीचा स्टीलचा रिमच हवा. माझा रिम आतून सपाट होता. तो आता बाल्कनीत आहे, त्यावर गोकर्ण चढलाय.

अठ्ठावीस इंची, चाळीस भोकांचा रिम नवाच घ्यावा लागला. चाक मात्र मीच बांधलं. मिस्त्रींनी एकदा बांधून दाखवलं, सोडलं आणि म्हणाले, "आता तुम्ही." प्रत्येक तार चार तारांना ओलांडून जाते आणि चौथीच्या खालून निघते. एक चुकली की पुढची दहा चुकतात. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. नंतर आउट, म्हणजे चाकाचा डावा-उजवा हेलकावा, काढणं: सायकल उलटी करून मागच्या नळीला खडू टेकवायचा, चाक फिरवायचं, जिथे खडू लागेल तिथली समोरच्या बाजूची तार पाव वळसा आवळायची. अर्धा वळसा दिला की घोळ वाढतो. मी अर्धा द्यायचे.

फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्र, अठरा दात्यांचं होतं, पुढे चव्वेचाळीस. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, सपाट रस्त्यावर छानच. पण मला रोज पौड फाट्याचा पूल चढायचा असतो. बावीस दात्यांचं बसवलं, तेव्हा फेरी साडेचार मीटरवर आली आणि गुडघे गप्प झाले.

रिम, तारा, टायर-ट्यूब, छर्रे, चेन, सीट, रंग धरून साडेपाच हजार गेले. नवरा म्हणाला, यात थोडे घातले असते तर नवी आली असती. आली असती, खरंय.

रंग वाळल्यावर सायकल मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी तारा एकेक बोटाने छेडून ऐकल्या, मग टांग टाकली आणि शनिवारवाड्याच्या दिशेने गेले. वीस मिनिटांनी परतले.

"डावीकडे किंचित आउट आहे. पन्नास-साठ किलोमीटर चालवा, तारा बसतील, मग परत आणा."

मी म्हटलं, "काका, वीस मिनिटं लागली?"

"चहा घेतला," ते म्हणाले. टपरी त्यांच्या दुकानासमोरच आहे.