वॉलआय पकडायचाय? आधी आभाळाकडे बघा

मे महिना जवळ आला की इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या, मराठी ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, कुठला लूर (खोटं आमिष) घेऊ? कोणीतरी नवीन रॉड घेतलेला असतो आणि वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा सीझन उघडायला आठवडा राहिलेला असतो. मिनेसोटात तो मे महिन्यातल्या एका शनिवारी उघडतो आणि त्या वीकेंडला निम्मं राज्य पाण्यावर असतं, खुद्द गव्हर्नरसुद्धा गळ टाकून बसतात, ही प्रथा १९४८ पासूनची. तर ग्रुपवर प्रश्न पडला रे पडला की धडाधड लिंका येतात, गुलाबी घे, सोनेरी घे, अंधारात चमकणारा घे, रापाला कंपनीचाच घे दुसरं काही घेऊ नकोस. मी तिथे गप्प असतो कारण माझं उत्तर मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहितोय. लूर हा शेवटचा प्रश्न आहे भाऊ. पहिला प्रश्न हा की आज पाण्याखाली उजेड किती आहे.

कारण या माशाचा सगळा खेळ डोळ्यावर आहे. वॉलआयच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम म्हणतात त्याला, रात्री मांजरावर टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ना तसे याचे चमकतात, म्हणजे आत आलेला थोडासा उजेडसुद्धा दोनदा वापरला जातो. आता हा खातो काय, तर यलो पर्च आणि शायनरसारखे छोटे मासे. पर्चला दिवसा उत्तम दिसतं पण दिवस मावळायला लागला की त्याचं दिसणं मंदावतं, आणि नेमकं तेव्हा वॉलआयला स्पष्ट दिसत असतं. शिकाऱ्याला दिसतंय आणि भक्ष्याला दिसत नाही, एवढाच तो हिशोब. मग पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, गढूळ पाणी, वाऱ्याने खळबळलेलं पाणी, यातलं काहीतरी पाहिजेच. कडक ऊन आणि वारा पडलेला असेल तर दुपारी झोपा काढा, खरंच सांगतो. पिकनिकला आलेल्या लोकांना असा दिवस फार आवडतो आणि वॉलआयला अजिबात नाही.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, लहानपणी खाडीत गरी टाकून बसायचो, सुंगट (कोळंबी) लावायचं आणि तांबोशी किंवा शेंगटी लागायची वाट बघायची. तिथे सगळं भरती-ओहोटीवर चालायचं, पाणी कधी चढतंय ते बघूनच घरातून निघायचं. इथल्या तलावांना भरती नाही त्यामुळे सुरुवातीला कळायचंच नाही की निघायचं कधी. भरतीची जागा इथे उजेडाने घेतलीय हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं.

दोन तलावांचं उदाहरण देतो म्हणजे मुद्दा लक्षात येईल. मिल लॅक्स हा मिनियापोलिसहून दीड-दोन तासांवर, १ लाख ३२ हजार एकरांचा पण सगळ्यात खोल जागी फक्त ४२ फूट. एकेकाळी वॉलआय म्हटलं की मिल लॅक्सच. २००५ साली तिथे झेब्रा मसल सापडले, नखाएवढे शिंपले, एकेक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो आणि ते तर तळावर अब्जावधींनी पसरले, त्यामुळे पाणी स्वच्छ होत गेलं. आपल्याला वाटेल किती छान, पण वॉलआयसाठी म्हणजे घरात कायम ट्यूबलाइट चालू. लहान वॉलआय जगेनासे झाले, नियम कडक होत गेले, २०१६ ला तर पकडा आणि सोडा एवढंच ठेवलं होतं. कारणं अनेक आहेत आणि त्यावरून तिथल्या बारमध्ये अजून वाद चालतात, काही लोक सगळं खापर ओजिब्वे या इथल्या मूळ निवासी लोकांच्या जाळ्यांवर फोडतात. १८३७ च्या करारातला त्यांचा मासेमारीचा हक्क १९९९ ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलाय, तो वाद माझ्या दृष्टीने तिथेच संपला. सांगायचा मुद्दा वेगळा, आता मिल लॅक्सवर वॉलआय पाहिजे असेल तर मी सूर्य मावळल्यावर जातो, दगडी रीफच्या (पाण्याखालच्या उंचवट्याच्या) ज्या बाजूला वारा आदळतोय ती बाजू धरायची, आठ-दहा फूट पाण्यात स्लिप बॉबरखाली (दोरीवर सरकणाऱ्या तरंगत्या बोंडाखाली) जिवंत लीच सोडायची, बॉबरवर छोटा दिवा, आणि तो दिवा पाण्यात बुडाला की रॉड उचलायचा. (लीच म्हणजे जळूच. बायको तो डबा फ्रीजमध्ये ठेवू देत नाही, बरोबरच आहे तिचं.)

दुसरा लेक ऑफ द वूड्स, माझा आवडता. पार उत्तरेला, मिनेसोटा, ओंटारियो आणि मॅनिटोबा तिघांच्या हद्दीत पसरलेला, १४ हजारांहून जास्त बेटं. ट्विन सिटीजहून (मिनियापोलिस-सेंट पॉलहून) पाच तासांची ड्राइव्ह, बॉडेट नावाचं गाव येतं, गावात ४० फूट लांबीचा दोन टनांचा वॉलआयचा पुतळा आहे, १९५९ चा, नाव विली. फोटो काढायचा, आमिष घ्यायचं आणि निघायचं, गावात अजून काही नाही. या तलावाचं पाणी दलदलीतून आणि जंगलातून येतं म्हणून तपकिरी, शिवाय दक्षिणेकडचा मोठा भाग, बिग ट्रॅव्हर्स, एवढा उघडा आहे की वारा सतत गाळ ढवळत असतो. म्हणजे इथे वॉलआयला भर दुपारीसुद्धा संध्याकाळ. लहान पोरं बरोबर असतील, किंवा रात्री दोनपर्यंत बोटीत कुडकुडायची तयारी नसेल, तर इथे या. सकाळी नाश्ता करून आठ वाजता निघालात तरी मासा लागतो.

आता टॅक्टिक्स. इथली मुख्य पद्धत म्हणजे अँकर टाकून जिग करायचं. जिग म्हणजे शिशाचा मणी असलेला गळ, पाव औंसाचा किंवा तीन अष्टमांश, प्रवाह असेल तर जड घ्यायचा. रंग म्हणाल तर सोनेरी, कारण तपकिरी पाण्यात सोनेरी चमक लांबून दिसते, त्यानंतर गुलाबी किंवा नारिंगी, वॉलआयच्या डोळ्याला नारिंगी-लाल आणि हिरवा हेच रंग चांगले दिसतात. आमिष फ्रोजन शायनर. हो, फ्रोजन. शायनरचे थवे शरदात तलावाला मिळणाऱ्या रेनी रिव्हरमध्ये शिरतात तेव्हा आमिषवाले ते जाळ्याने धरून फ्रीझ करतात आणि वर्षभर विकतात. लावायची पद्धत महत्त्वाची, गळ तोंडातून आत, कल्ल्यातून बाहेर, मग पूर्ण ओढून घ्यायचा आणि पाठीत पुन्हा टोचायचा म्हणजे शायनर जिगला चिकटून सरळ राहतो. नुसता ओठात टोचला तर वॉलआय तो अलगद काढून नेतो आणि तुम्ही अर्धा तास रिकामा गळ हलवत बसता.

मग जिग तळाला टेकू द्यायचा, दोरी सैल पडली की कळतं, तिथून सहा इंच ते फूटभर उचलायचा आणि खाली सोडताना दोरी ताणलेलीच ठेवून सोडायचा. सगळी गंमत या खाली सोडण्यात आहे, कारण वॉलआय बहुतेक वेळा जिग खाली येतानाच घेतो, आणि घेतो म्हणजे काय तर तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्यामुळे झटका वगैरे काही लागत नाही, फक्त एक टक् होतं किंवा पुढच्या वेळी उचलताना जिग जड लागतो. जड लागला की उचला. आमच्याबरोबर एक नागपूरकर येतो, तो प्रत्येक वेळी रॉड असा हिसडतो की शेजारच्या बोटीतले लोक वळून बघतात, आणि तरी त्याला मासे लागतात, त्यामुळे त्याला कोणी समजावत नाही.

कुठे बसायचं ते सीझनवर आहे. वॉलआय बर्फ वितळल्यावर लगेच दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात, खूपसे रेनी रिव्हरमध्ये, आणि मग हळूहळू तलावात परततात. म्हणून मे महिन्यात फोर माईल बे, नदीचं मुख आणि पाइन आयलंडच्या बाहेरचा भाग. जूनमध्ये किनाऱ्याने पांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते रीफवर किंवा मधल्या चिखलावर, तीसेक फूट खोल, तेव्हा अँकर टाकून बसण्यात अर्थ नाही कारण मासा विखुरलेला असतो, तेव्हा सोनेरी पात्याचा स्पिनर, मागे नाइटक्रॉलर म्हणजे मोठं गांडूळ, आणि ताशी मैलभर वेगाने बोट चालवत ओढायचं. किंवा क्रँकबेट (ओढलं की खाली डुबकी मारणारा माशाच्या आकाराचा लूर) घेऊन दुप्पट वेगाने. ट्रोलिंग, म्हणजे असं ओढत फिरणं, मला स्वतःला कंटाळवाणं वाटतं, बसून नुसतं सोनारच्या स्क्रीनकडे बघायचं, पण ऑगस्टमध्ये तेच चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शायनर नदीकडे सरकतात आणि त्यांच्या मागे वॉलआय, तेव्हा गर्दी कमी, झाडं लाल-पिवळी, मासा जाडजूड. एकच ट्रिप करणार असाल तर तेव्हा करा.

वाऱ्याबद्दल मात्र एक गंभीर गोष्ट. फूटभर लाट पाहिजे असते, ती उजेड फोडते, इथले लोक तिला वॉलआय चॉपच म्हणतात. पण बिग ट्रॅव्हर्स उथळ आणि प्रचंड रुंद असल्यामुळे लाटा पटकन उंच होतात, एकामागोमाग एक आणि उभ्या. सोळा फुटी बोटीत वायव्येचा वारा वाढायला लागला की मासे लागत असले तरी मागे फिरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तर लाँचच घ्यावी, रिसॉर्टवाल्यांच्या मोठ्या बोटी असतात, कॅप्टन असतो, आमिष असतं, आणि तो जागा दाखवतो ती फुकटची शाळाच.

नियमांचं बघा, ते प्रत्येक तलावाला वेगळे असतात, जायच्या आधी त्या वर्षीचं पुस्तक उघडून वाचा. लेक ऑफ द वूड्सला मी गेलो तेव्हा वॉलआय आणि त्याचा छोटा भाऊ सॉगर मिळून सहा, त्यात वॉलआय चारच, आणि साडेएकोणीस ते २८ इंचांमधला प्रत्येक वॉलआय लगेच पाण्यात परत, कारण अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या त्यातच येतात. सॉगर ओळखायचा सोपा मार्ग, पाठीवरच्या पंखावर ठिपके असतात, आणि वॉलआयच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं. नवीन लोकांना सोडून द्यायचं जिवावर येतं, पाच तास गाडी चालवून आलोय आणि हातातला तेवीस इंची सोडू? सोडा. आणि तीस फुटांहून खोल पाण्यात भरभर वर ओढलेला मासा सोडला तरी नीट जगेलच असं नाही, आतली हवेची पिशवी फुगते त्याची, त्यामुळे हवे तेवढे मिळाले असतील तर खोल पाण्यात उगाच मजा म्हणून पकडत बसू नका, हे मला फार चुकीचं वाटतं.

एच-वन-बीवाल्यांसाठी खास. या तलावाच्या पलीकडे नॉर्थवेस्ट अँगल म्हणून अमेरिकेचा एक तुकडा आहे, १७८३ च्या तहाच्या वेळी वापरलेल्या चुकीच्या नकाशामुळे तो तिकडे अडकून पडला, अलास्का सोडला तर देशाचं सगळ्यात उत्तरेचं टोक. फार सुंदर बेटं, पण रस्त्याने जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं, म्हणजे भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा पाहिजे. तो नसेल तर पाण्यावरून, अमेरिकेच्या हद्दीतूनच नेणाऱ्या बोटी असतात त्याची चौकशी करा. आणि ओंटारियोच्या बाजूला गळ टाकायचा तर ओंटारियोचं लायसन्स लागतं, पाण्यावर रेघ दिसत नसली तरी जीपीएसवर दिसते.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर वेगळं लिहायचंय. डिसेंबर ते मार्च तलाव गोठलेला, वर रस्ते नांगरून काढतात, गरम केलेली खोपटी भाड्याने मिळतात, आत भोक पाडून बसायचं. बर्फावर मिनेसोटात माणशी दोन दोऱ्या चालतात, उन्हाळ्यात एकच. उजेडाचा नियम तिथेही तोच, जाड बर्फ आणि वर हिम म्हणजे खाली काळोख, तरी सकाळचा आणि सूर्यास्ताचा तास सगळ्यात चांगला. मधल्या वेळात पत्ते.

आणि आता खाण्याचं. वॉलआयचं फिले पांढरं, कमी तेलाचं, चव अगदी सौम्य, नॉर्दर्न पाइकमध्ये असतात तसे वाय आकाराचे काटे यात नाहीत त्यामुळे पोरांना बिनधास्त देता येतो. इथले लोक किनाऱ्यावर चूल करून लोखंडी तव्यात डुकराच्या चरबीत तळतात, बरोबर बटाटे-कांदा आणि डब्यातले बीन्स, छान लागतं. आपल्या पद्धतीने करायचं तर हळद, मीठ, आगळ, मालवणी मसाला नेहमीच्या निम्मा, बांगड्याला लावता तेवढा लावला तर मासा कुठे आहे तेच कळत नाही. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं, आणि एका बाजूला दोन-तीन मिनिटं, बस. आगळ नसेल तर लिंबू चालतं. नागपूरकराने एकदा याचा सावजी रस्सा केला होता, रस्सा एक नंबर होता, मासा मात्र कोणाच्याच ताटात सापडला नाही. मोठ्या वॉलआयच्या गालाचे दोन गोल तुकडे निघतात ते टाकून देऊ नका, सगळ्यात गोड तेच, आणि आमच्यात ठरलेलंच आहे की क्लीनिंग टेबलवर ज्याच्या हातात सुरी त्याचे गाल, त्यामुळे एरवी कामाला हात न लावणारे लोक मासे साफ करायला रांग लावून उभे असतात.