यात आमची वाडी कुठाय?

"यात आमची वाडी कुठाय?"

काल रात्री आईने माझी यादी वाचून एवढंच विचारलं. नाताळच्या सुट्टीत दोन दिवस मुंबई. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटी. मग गेटवे, मरीन ड्राइव्ह, संध्याकाळी वांद्र्याला हिल रोडची रोषणाई आणि माउंट मेरी. तिकिटं वेटिंगवर आहेत, पण होतील.

आई लग्नाआधी गिरगावात राहायची, खोताच्या वाडीजवळ. मला माहीत होतं, तरी यादी करताना एकदाही आठवलं नाही.

मग ती बोलत राहिली. वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांबद्दल, व्हरांड्यात टांगलेल्या कागदी चांदण्यांबद्दल. "दिवाळीत आपल्या करंज्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जायच्या, नाताळात तोच डबा कुलकुल, म्हणजे त्यांचा नाताळचा गोड फराळ, भरून परत यायचा. रिकामा डबा कधी कुणी दिला नाही." तिथली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची कॅथलिक, कुटुंबं घरात मराठीच बोलायची. नाताळ तिला कधी दुसऱ्यांचा सण वाटलाच नाही.

एकेकाळी तिथे 65 घरं होती म्हणतात. आता तिसाच्याही आत आली आहेत. तिला हे सांगितलं नाही मी.

यादी बदलली आहे. पहिल्या दिवशी सकाळी चर्नी रोडला उतरायचं आणि आईच्या चालीने वाडीतून चालायचं. गेटवे राहिलं तर राहू दे. सोबत करंज्यांचा डबा घ्यायचा, असं ती म्हणतेय.

पन्नास वर्षांनी कुणाचं दार वाजवायचं, तेवढं मात्र अजून ठरत नाहीये. तुमच्यापैकी कुणी हल्ली तिथे गेलंय का?