माईकची कुंची

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तेव्हा तिथे वारा किती असेल हे वेगळे सांगायला नको. तरीही भर आषाढात बाबांना तिथे उभे करून, लहानपणी गुरे राखत असतानाची हकिकत त्यांच्याच तोंडून चित्रित करावी असे माझ्या मनाने घेतले. कॅमेऱ्यावरचा माईक उघडाच होता आणि हेडफोन लावण्याचा मी आळस केला. घरी येऊन पाहिले तर बाबांचे ओठ हलत होते, हातवारे रंगात आले होते आणि आवाजाच्या जागी ताडपत्री फडफडावी तशी भरभर तेवढी होती.

वाऱ्याचा म्हणून जो आवाज आपण असा ऐकतो, तो माईकच्या दारातच जन्माला येतो. वाहती हवा माईकवर आदळून तिथे बारीक भोवरे उठतात आणि त्यांच्या कमीजास्त दाबाने आतला पातळ पडदा ढकलला जातो. या गडबडीचा बराचसा भाग २०० हर्ट्‌झच्या खाली, म्हणजे अगदी खर्जात असतो, म्हणून ८० किंवा १०० हर्ट्‌झखालचे सारे कापून टाकले की थोडा उतार पडतो. पण पुरुषी आवाजाचा पायाही त्याच्या आसपासच असल्यामुळे, मी लोभाने कात्री आणखी वर नेली तेव्हा बाबा जुन्या ट्रंक कॉलवरून बोलू लागले. जिथे आवाजाने मर्यादा ओलांडून माथाच छाटला गेला होता, तिथे तर वाचवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

‘‘अरे, वारं लागतंय त्याला,’’ आई म्हणाली, ‘‘बाळाला घालतो तशी कुंची घाल की.’’

बाजारात अशी केसाळ कुंची मिळते. तिला ‘डेड कॅट’ म्हणतात, पण मेलेल्या मांजराच्या नावाची वस्तू आईने घरात येऊ दिली नसती. तिने जुन्या टेडीच्या कापडाची कुंची शिवली आणि मायेने आतून फ्लॅनेलचे अस्तरही लावले. परिणामी माईक गोधडी पांघरून ऐकू लागला. कापड तोंडाशी धरून फुंकर मारली आणि ती पलीकडे गेली नाही, तेव्हा चूक ध्यानात आली. अस्तर उसवून, माईकवर स्पंज चढवून त्यावर नुसती कुंची घातली. लांब केसांत वाऱ्याचा जोर मोडतो आणि आतली हवा बरीचशी स्थिर राहते. शिवाय या खेपेस बाबांच्या पाठीवर वारा घेतला, माईक त्यांच्या छातीपाशी आणला आणि हेडफोनही लावले.

चित्रण पाहताना हकिकत शब्दन् शब्द कळत होती, मागे गवत पार आडवे झाले होते आणि बाबांचा सदरा फुग्यासारखा फुगला होता. आईने मध्येच विचारले, ‘‘वारा पडला होता का रे?’’

तिसऱ्या खेपेला मी एकटाच गेलो, कुंची घातलेला माईक जमिनीलगत गवतात ठेवला आणि दहा मिनिटे नुसती सळसळ भरून आणली.