गोगलगायीने टँक पांढरा केला त्याची गोष्ट

ज्यांच्या घरचा कोरलचा, म्हणजे समुद्री प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक मी सांभाळतो, त्या ताईंचा सकाळी सात वाजता मेसेज, "दादा पाणी दुधासारखं झालंय", सोबत फोटो. फोटो बघूनच पोटात गोळा आला, कारण तो चुना होता आणि तो मीच टाकून ठेवला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टँकमधून वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ आतच राहतं, म्हणून रोज गोडं आरओ पाणी भरावं लागतं, नाहीतर खारेपणा हजारी 35 भागांच्या वर चढत जातो. ते काम फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, आणि छोटा पंप करतो: पातळी उतरली की फ्लोट खाली येतो आणि पंप बाजूच्या कॅनमधून पाणी ओढतो. आणि मी त्या कॅनमध्ये साधं पाणी न ठेवता चुन्याची निवळी ठेवायचो, म्हणजे जेवढी वाफ तेवढं कॅल्शियम आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) आपोआप परत, कोरलला हाडं घालायला तेच लागतं. 80 लिटरच्या टँकला ही द्रव्यं मापून सोडणारे वेगळे डोसिंग पंप लावायची गरजच पडत नाही, मला या सेटअपचा भारी अभिमान होता. पण निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, थेंब थेंब गेली तर अमृत, एकदम गेली तर विषच.

पोचलो तर पाणी अगदी काठापर्यंत चढलेलं आणि टर्बो गोगलगाय फ्लोटवर बसलेली! तिच्या वजनाने फ्लोट खाली दबला, स्विचला वाटलं पाणी कमी आहे आणि पंप कॅन रिकामा होईपर्यंत चालत राहिला. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. नशीब कॅनमध्ये तीनेक लिटरच उरलं होतं.

पीएच 9.2. आधी पंपाचा प्लग काढला, मग साधा सोडा, म्हणजे चव आणि मीठ नसलेलं गॅसवालं पाणी, मागच्या कप्प्यात थोडा थोडा, दर दहा मिनिटांनी पीएच बघत. यातला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो. एका झटक्यात खाली आणायचा नाही, उतरतानाचा धक्काही कोरलना बसतो. ताई बाजूला उभ्या, "अहो सगळं पाणीच बदला ना", लोकांना काही झालं की सगळं पाणी बदलायचं असतं. 8.6 ला सोडा थांबवला, 15 लिटर बदललं, तेही आधीच मीठ कालवून ठेवलेलं. दोन दिवसांनी केएच बघितला तर 8.4 चा 6.9, वाढायचं सोडून उतरला, सगळा चुना होऊन वाळूवर बसला होता.

टॉर्च कोरल दोन दिवस मिटून होता, मग उघडला. लेदर कोरलने कात टाकली. बर्ड्सनेस्ट कोरल मात्र बुडापासून सोलत गेला, ताईंनी पहिलाच लावलेला तुकडा होता तो. गोगलगाय ठणठणीत, काचेवरची शेवाळं खात फिरतेय.

मला खटकतंय ते हे की गोगलगायी अडवायला फ्लोटला लावायची जाळी फ्लोट बसवला त्या दिवशी माझ्या बॅगेतच होती. बसवली नाही कारण ताई म्हणाल्या दिसायला बरं दिसत नाही, आणि मी हो म्हणालो. पंपाला ठराविक वेळेनंतर आपोआप बंद होणारा कंट्रोलरही नव्हता, स्वस्तातला घेऊ म्हणालो होतो, तेही मीच. त्या विचारतात चूक कोणाची, मी म्हणतो गोगलगायीची आणि दोघंही हसतो. जाळी आता आहे, कॅनमध्ये सध्या नुसतं आरओ पाणी. निवळी परत सुरू करायची की नाही ते अजून ठरत नाहीये माझं.