डाव्या पायाशी कोमट हवा

काकांच्या फोनवरचा व्हिडिओ आम्ही शेडच्या दारात उभं राहून बघत होतो. आधी फोनवर बोलताना मी त्यांना सांगून ठेवलं होतं: विमानात जिथे जिथे वारा लागतो तिथे लाल लोकरीचे बोटभर धागे चिकटवा, फोन डॅशवर मागे तोंड करून अडकवा आणि एक फेरी मारून या. त्यांनी तसं केलं होतं. पडद्यावर ते धागे मागून पुढे उडत होते. सामानाच्या कप्प्याजवळचा धागा तर ताणून काकांच्या मानेकडेच रोखलेला. विमान ताशी १८० किलोमीटरने पुढे चाललंय आणि आतला वारा शेपटीकडून नाकाकडे येतोय.

"अगं, हे उलटं कसं?" काका म्हणाले.

मी भोसरीत गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी बीडिंगचं काम करते. पाणी कुठून झिरपतं, काच कुठे शिट्टी मारते, हे शोधण्यात माझा दिवस जातो. काका टूलरूममधून निवृत्त झाले आणि किट मागवून हे दोन आसनी अॅल्युमिनियमचं विमान सोलापूर रस्त्याकडच्या या शेडमध्ये त्यांनी रिव्हेट न् रिव्हेट स्वतः मारून उभं केलं. घरी विमान बांधणं म्हटलं की आपल्याकडे लोकांना कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. काकांची खटपट त्यामानाने लहान, पण चिकाटी त्याच जातीची. परवानगीचे सोपस्कार होऊन चाचणी उड्डाणं सुरू झाली आणि डिसेंबरच्या गारठ्यात फटी बोलायला लागल्या. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की गळती मी शोधून देईन, रबर मी निवडून देईन, पण विमानावरचा प्रत्येक फेरफार तुमच्या तपासणी करणाऱ्या इंजिनिअरने बघितल्याशिवाय विमान हलणार नाही.

हवा मागून का येते, हे कळलं की अर्धं काम होतं. कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक छताच्या, फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि कॅनोपीच्या कडांतून केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते. तिची जागा भरायला हवा मिळेल तिथून आत येते. शेपटीच्या सांध्यांतून, पंखांच्या पोकळीतून, पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फ्लॅपच्या दांड्यांसाठी ठेवलेल्या भोकांतून. जुन्या एसटीची मागची काच उघडी असली की आपल्याच गाडीचा धूर मागच्या बाकावर येतो, तसलाच हा प्रकार. ताशी १८० किलोमीटरच्या वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब सुमारे १५ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण एक मिलिमीटरची फट मीटरभर लांब असली तर ते दहा चौरस सेंटीमीटरचं भोक झालं. मानेला गारठा लागणारच.

काका एकेक धागा दाखवत होते. हा मानेवरचा, हा स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, तळाशी, हा उजव्या गुडघ्याशी. मग म्हणाले, "आणि डाव्या पायाशी छान कोमट लागतं बघ. थंडीत बरं वाटतं. तेवढं मात्र राहू दे."

मी फोन बाजूला ठेवला. पुण्यात सकाळी दहा-बारा अंश तापमान, त्यावर दीड हजार मीटर चढलात की आणखी दहाएक अंश कमी. या विमानाला अजून हीटर बसवलेला नाही. मग पायाशी कोमट हवा येणार तरी कुठून? पायांच्या पुढे फायरवॉलचा पत्रा आणि पत्र्यापलीकडे इंजिन.

"काका, उतरल्यावर डोकं दुखतं का?"

"दुखतं थोडं. पण ते आवाजाने."

धुराचा वास येतो का, हे मी विचारलंच नाही, कारण त्या उत्तरावर विसंबून चालत नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आणि उंचीवर मुळात ऑक्सिजनच विरळ. डोकं जड होणं ही पहिली पायरी. पुढच्या पायरीवर माणसाला आपलं काही चुकतंय हे कळेनासं होतं, आणि स्टिक त्याच्याच हातात असते.

कॅनोपीचं काम बाजूला राहिलं. आमच्या टेस्ट बेवरचं कार्बन मोनॉक्साइडचं डिजिटल मीटर मी गाडीत ठेवतेच. विमान शेडबाहेर ढकललं, चाकांना ठोकळे लावले, काकांनी इंजिन १५०० आरपीएमला आणलं आणि मीटर डाव्या पेडलशी धरलं. आकडा चाळीस, साठ करत ऐंशीच्या वर गेला. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या नियमात २०१७ पर्यंत केबिनसाठी कमाल मर्यादा होती वीस हजारात एक भाग, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग). काकांनी काही न बोलता इंजिन बंद केलं.

काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उतरवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. धुराची नळी जिथे जोडलेली असते त्या एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट फ्लँजपाशी राखाडी-पांढरी भुकटीसारखी रेघ उमटली होती. गॅस्केट जळून धूर बाजूने निसटत असला की अशीच रेघ उमटते. दुसरी गोष्ट फायरवॉलवर. नंतर बसवलेल्या एका सेन्सरसाठी बाहेरच्या माणसाकडून वायरिंग करून घेतलं होतं. त्याने पाडलेल्या भोकात साधं रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरीभोवती बसवायची कडी. इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होऊन चिरलं होतं आणि भोवतीचं सिलिकॉन सालीसारखं सुटलं होतं. तिथे माझी करंगळी सहज आत गेली.

हे रबर मी रोज हाताळते, म्हणून ते बघून मला फार वाईट वाटलं. गाडीच्या दारात ग्रोमेट फाटलं तर पाणी येतं, गिऱ्हाईक तक्रार करतं. फायरवॉल मात्र इंजिनाला आग लागलीच तर वैमानिकाला खाली उतरायला वेळ मिळावा म्हणून असते. तिच्यासाठीची कसोटी साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटं टिकण्याची आहे. त्या ज्वाळेपुढे साधं रबर किती सेकंद टिकणार?

काकांमधला टूलरूमचा माणूस जागा झाला. लेथवर त्यांनी स्टेनलेसची फ्लँज असलेली नळी वळली. ती फायरवॉलला रिव्हेट केली, वायरी तिच्यातून ओवल्या, वरून आग सोसणारी स्लीव्ह चढवून क्लँप आवळला आणि उरलेली जागा आगरोधक सीलंटने भरली. एक्झॉस्टची गॅस्केट सगळ्याच सिलिंडरच्या बदलायचं ठरलं. एक जळली असेल तर बाकीच्यांनी तितकीच उष्णता खाल्लेली असते. थ्रॉटल केबल, इंधनाची नळी, फायरवॉलचे सांधे, सगळीकडे टॉर्च लावून एकीने इंजिनाच्या बाजूने उजेड टाकायचा आणि दुसऱ्याने अंधाऱ्या केबिनमधून बघायचं, असं केलं. सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके दिसले, तेही बुजवले.

मग उरलेल्या फटी. एरवी मी अगरबत्तीच्या धुराने फट शोधते, पण टाकीत पेट्रोल असलेल्या विमानाजवळ मी काडी ओढत नाही. व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून हवा आत भरायची. त्याच्या मोटरमध्येही ठिणगी उडते, म्हणून मशीन शेडबाहेर आणि लांब पाइप आत. व्हेंटवर मास्किंग टेप, आणि बाहेरून साबणाच्या पाण्याचा ब्रश. कॅनोपीच्या मागच्या कोपऱ्यांत फेस फुलला. जमिनीवर ती कड घट्ट बसलेली दिसते, पण उडताना दाबाच्या फरकाने वर उचलली जाते. त्यामुळे तिथे जाड, कडक पट्टी कामाची नाही. पोकळ, मऊ ईपीडीएमची (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराची) बीडिंग हवी, कड उचलली तरी पाठोपाठ फुगणारी. शिवाय अॅक्रिलिक तापमानाबरोबर अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट हलतं. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत मीटरभर कॅनोपी दीड मिलिमीटर तरी वेगळी सरकते. तिला चिकटवून जखडली की स्क्रूच्या भोकापासून तडा जातो.

सीलंट निवडताना मी हट्टी असते. व्हिनेगरसारखा वास येणारं बाजारातलं सिलिकॉन मी अॅल्युमिनियमला लावू देत नाही. सुकताना ते अॅसिटिक आम्ल सोडतं आणि धातू खातं. न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारंच, घ्यायचं. पाणी पिणारा स्पंजसारखा फोमही नको, बंद पेशींचा हवा, नाहीतर पावसाळ्यात पत्र्याशी ओल धरून बसतो. पोटाखालची निचऱ्याची भोकं मात्र बुजवायची नाहीत. ती फटी नव्हेत. स्टिकच्या तळाशी आणि पंखातून येणाऱ्या दांड्यांवर काकूंनी मऊ कापडाचे बूट, म्हणजे भोक झाकणारी पिशवीसारखी आवरणं, शिवून दिले. ते बसवल्यावर स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत फिरवून बघितली. पहिल्या बुटाला डावीकडे शेवटच्या इंचात जरासा ताण येत होता. हाताला जेमतेम जाणवेल एवढाच. उसवून दोन बोटं कापड वाढवलं. थोडा वारा आला तरी चालेल, स्टिक अडता कामा नये.

टेप काढताना मी यादी हातात घेऊनच बसते. प्रत्येक पट्टी लाल, तिच्यावर आकडा, आणि काढली की खूण. १९९६ साली पेरूचं एक बोइंग ७५७ कोसळून ७० माणसं गेली. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर, लावलेली टेप काढायची राहिली होती; रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत होते. काकांना हे माहीत होतं. तरी शेवटची पट्टी निघाल्यावर दोन्ही पोर्टवरून त्यांनी पुन्हा बोट फिरवलं.

इंजिनिअरने काम तपासून सही केल्यावर काका उडाले ते मीटर छातीच्या पट्ट्याला लावून. सपाट उड्डाणात शून्य. चढताना, नाक वर असताना, आकडा पाच-सहापर्यंत गेला. त्या स्थितीत एक्झॉस्ट पोटाला लगटून वाहतो, त्यामुळे लँडिंग गिअर जिथे पत्र्यातून बाहेर येतो ती जागा अजून बघायची आहे. डोकेदुखी थांबली आहे.

आता त्यांची तक्रार एकच, डावा पाय गारठतो. एक्झॉस्टच्या नळीभोवती जॅकेट बसवून त्यातली गरम हवा केबिनमध्ये घ्यायची, असा हीटर त्यांच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, जॅकेटच्या आतल्या नळीला तडा गेला तर तोच वायू थेट तुमच्या पायाशी येईल. आधी नळीची दाब देऊन चाचणी, फायरवॉलवर हवा तोडणारा स्टीलचा व्हॉल्व्ह, आणि मीटर डॅशवर कायमचं. काका तयार आहेत, व्हॉल्व्हचं ड्रॉइंगही त्यांनी काढायला घेतलंय. तोवर काकूंनी लोकरीचे मोजे दिले आहेत.