राजाने न केलेली सही

शाळेत असताना ‘मुसोलिनीने रोमवर मोर्चा नेला आणि सत्ता बळकावली’ हे वाक्य आम्ही पाठ केले होते, आणि काळे सदरे घातलेल्या त्याच्या फॅसिस्ट अनुयायांच्या जमावाने राजधानी लढून घेतली, अशीच माझी कित्येक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९२२ मध्ये ते मोर्चेकरी रोमबाहेर पावसात भिजत खोळंबले होते, त्यांच्यापाशी धड शस्त्रे नव्हती आणि शहरातल्या लष्कराने मनावर घेतले असते, तर त्यांना सहज पिटाळून लावता आले असते. मुसोलिनी स्वतः तर मिलानमध्येच थांबला होता. (बेत फसलाच, तर पळून जायला स्वित्झर्लंडची सरहद्द तिथून फार दूर नाही.) पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारण्याचा हुकूम तयार केला, पण २८ तारखेच्या सकाळी इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही करायचे नाकारले. दोन दिवसांनी मुसोलिनी रात्रीच्या आगगाडीने रोमला आला आणि राजाच्याच निमंत्रणावरून पंतप्रधान झाला. मोर्चेकऱ्यांचे संचलन निघाले, ते त्यानंतर.

संसदेचे वागणे मला याहूनही अस्वस्थ करते. ५३५ जणांच्या सभागृहात फॅसिस्ट पक्षाचे सदस्य अवघे ३५ होते, तरी विश्वासदर्शक ठराव ३०६ विरुद्ध ११६ मतांनी मंजूर झाला. माजी पंतप्रधान जोलित्तींसारख्या मुरब्बी उदारमतवाद्यांनी कामगारांच्या संपांचा आणि समाजवाद्यांच्या वाढत्या बळाचा धसका घेतला होता. या माणसाला एकदा खुर्चीत बसवले की तो आपोआप निवळेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी याच संसदेने अचेर्बो कायदा संमत केला, ज्यानुसार किमान एक चतुर्थांश मते मिळवून पहिल्या क्रमांकावर येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा मिळणार होत्या. १९२४ च्या निवडणुकीतली दंडेली समाजवादी नेते जाकोमो मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी भर सभागृहात मांडली. १० जूनला त्यांचे अपहरण झाले आणि त्यांचा खून करण्यात आला. विरोधकांनी संसदेवर बहिष्कार घातला आणि राजा काही करील म्हणून वाट पाहिली. राजाने काहीच केले नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी, जे घडले त्याची सारी जबाबदारी आपली आहे, असे मुसोलिनीने सभागृहातच सांगितले, आणि तेही खपून गेले.

देशात पचलेली ही दांडगाई मग सरहद्दीबाहेरही चालली. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर (म्हणजे आजच्या इथिओपियावर) स्वारी केली, विषारी वायू वापरला. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) निर्बंध घातले खरे, पण त्यांतून खनिज तेल वगळले आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. मे १९३६ मध्ये तिथली राजधानी अदिस अबाबा पडली, तेव्हा इथिओपियाचा सम्राट ही पदवी मिळाली ती ऑक्टोबर १९२२ मध्ये सही टाळणाऱ्या त्याच राजाला. पंतप्रधानाला दूर करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्याला आठवले जुलै १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्यावर.